हिपॅटायटिस बी : वर्षभर सुई की रोजची गोळी? इंटरफेरॉन घेतलेल्यांनी कृपया लिहा

रानजाई | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री १०.१२

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुडत असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. आधी वाटलं दुसरा आयडी काढावा. मग म्हटलं, घरात चाललीय तेवढी लपवाछपवी पुरे.

वय २८, नाशिक. लग्नाला दीड वर्ष झालं. गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि आठ दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "एकदा येऊन भेटून जा." तिथल्या ताईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ऑस्ट्रेलिया अँटिजेन (म्हणजे हिपॅटायटिस बी) पॉझिटिव्ह. मी बावळटासारखं विचारलं, "पण मी गोव्याच्या पुढे कधी गेलेच नाही." त्या हसल्या नाहीत, तेव्हा कळलं की प्रकरण साधं नाही.

पुढच्या तपासण्यांत ई अँटिजेन (व्हायरस जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह, एसजीपीटी (लिव्हरच्या सुजेचं माप) १४२ म्हणजे वाढलेला, व्हायरसचा डीएनए (रक्तात तो किती आहे ते) चार कोटींच्या आसपास, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते) ६.१, सोनोग्राफी नॉर्मल. लागण जुनी आहे, बहुतेक लहानपणापासूनची, असं डॉक्टर म्हणाले. कावीळ मला आजवर झालेली नाही. थकवा येतो, पण तो लिव्हरचा की नोकरीचा हे कोण सांगणार.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, पेगिलेटेड इंटरफेरॉन, आठवड्याला एक सुई, एकूण ४८ आठवडे. दुसरा, टेनोफोव्हिरची रोज एक गोळी, किती वर्षं ते सांगता येत नाही. "तुमचं वय आणि एसजीपीटी बघता सुईचा प्रयत्न करून बघता येईल, पण जीनोटाइपचा, म्हणजे व्हायरसच्या उपप्रकाराचा, रिपोर्ट येऊ दे," असं म्हणाले. दिवाळीपर्यंत ठरवायचंय.

माझा कल सुईकडे आहे. एक वर्ष काय व्हायचं ते होऊ दे, मग मोकळी. दोनेक वर्षांत बाळाचा विचार आहे, गोळ्यांचं लटांबर गळ्यात नको. नवरा म्हणतो गोळी घे. (त्याची तपासणी निगेटिव्ह आली, लसीचा पहिला डोस झाला.) सासरी आणि माहेरी कुणालाच माहीत नाही.

ज्यांनी ही सुई घेतलीय त्यांनी खरंखुरं लिहा. धीर देऊ नका, तो गूगलवर पुष्कळ आहे.


कडीपत्ता | ६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

अनुभव शून्य, वाचतेय. तुझ्या उकडीच्या मोदकांची पारी मात्र या वर्षी जमली गं.


घाटमाथा | ६ ऑक्टोबर, रात्री ११.५५

मी घेतलीय. २०१६-१७, तेव्हा वय ३४, सातारा. पूर्ण ४८ सुया. खरंखुरं हवंय ना, मग घ्या.

सुई शुक्रवारी रात्री घ्यायचो, कारण शनिवारी अर्धा दिवस आणि रविवारी सुट्टी. पोटाच्या चिमटीत, कातडीखाली. टोचण्याचं काही नाही, नंतरचं ऐका. पहिल्या रात्री दोन वाजता असा हुडहुडी भरून ताप आला की तीन गोधड्या घेऊन दात वाजत होते. डेंग्यू झालेल्यांना कळेल, तशी हाडं फुटतात. पुढच्या वेळेपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने सुईआधी पॅरासिटामॉल. चार-पाच सुयांनंतर ताप ओसरला, पण अंगातली कणकण वर्षभर पुरली. वजन ७१ वरून ६२. बायको म्हणायची, तुम्हाला बघून लोक मलाच नावं ठेवतात.

केस गळाले. टक्कल नाही पडलं, पण कंगव्यात पुंजके यायचे. औषध संपल्यावर परत आले, पूर्वीइतके दाट नाहीत, त्यात वयाचाही हात असेल. तोंडाची चव गेली. आमटी म्हणजे हळदीचं पाणी लागायचं.

तिसऱ्या महिन्यात पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की डोस १८० वरून १३५ मायक्रोग्रॅमवर आणला, मग परत वाढवला. आधी आठवड्या-पंधरवड्याने आणि नंतर महिन्याला रक्ततपासणी, तीन महिन्यांनी थायरॉइड. हा खर्च सुईच्या खर्चात कुणी धरत नाही, तो धरा. सुई फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. एकदा पुण्याहून एसटीने आणताना गाडी खंबाटकीत दोन तास अडकली. थर्मासमधला बर्फ वितळत होता आणि मी ड्रायव्हरला हात जोडत होतो.

आता निकाल. सुया संपल्या तेव्हा ई अँटिजेन पॉझिटिव्हच होता. मी घरी येऊन रडलो. पण औषध संपल्यावर सहा महिन्यांनी ई निगेटिव्ह झाला आणि त्याची अँटिबॉडीही आली. आज सात वर्षं काही औषध नाही, डीएनए दोन हजारांच्या आत, एसजीपीटी तिशीत. ऑस्ट्रेलिया अँटिजेन अजून पॉझिटिव्हच आहे. तो गेला नाही. माझा जीनोटाइप ए होता, याला फार महत्त्व आहे असं नंतर कळलं.

परत वेळ आली तर घेईन का? हो. पण तेव्हा दोन मुलं झालेली होती आणि घरात सांभाळायला माणसं होती.


शेवगा | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

२०२४ मध्ये इंटरफेरॉन? हा १९९२ चा उपचार आहे, तेव्हा अमेरिकेत बी साठी याला मान्यता मिळाली कारण दुसरं काही नव्हतंच. नंतर लॅमिव्हुडिनची गोळी आली, एन्टेकॅव्हिर आलं, टेनोफोव्हिर आलं. माझे वडील नऊ वर्षं टेनोफोव्हिरवर आहेत. डीएनए सापडत नाही, सकाळी हनुमान टेकडी चढून येतात. सकाळी चहा, रात्री गोळी, विषय संपला. अंगावर वर्षभराचा ताप ओढून घेऊन शंभरातल्या तिसांना फायदा? मी तर असा शेअरही घेत नाही.


स्टेथो | ७ ऑक्टोबर, दुपारी २.०५

जनरल फिजिशियन आहे, लिव्हरचा तज्ज्ञ नाही. रानजाई, ठरवायचं तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनीच. पण शेवगा आणि घाटमाथा दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून थोडं लिहितो.

गोळी काय करते? व्हायरसला स्वतःच्या नकला काढू देत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा काढून ठेवला की दळण थांबतं, पण गिरणी जागच्या जागी असते. या व्हायरसचा एक गोलाकार डीएनए लिव्हरच्या पेशीच्या केंद्रात ठाण मांडून बसतो, गोळी तिथवर पोचत नाही. म्हणून मनाने गोळी बंद केली की पट्टा परत चढतो, आणि कधी कधी इतक्या जोरात की लिव्हर निकामी होण्यापर्यंत मजल जाते. गोळी सुरू केलेल्यांनी हे एक वाक्य फ्रीजवर चिकटवून ठेवावं.

इंटरफेरॉन म्हणजे गावात दवंडी. आपलं शरीर एरवीही लागण झाली की हे प्रथिन बनवतं. ते बाहेरून जास्त दिलं की प्रतिकारशक्ती जागी होऊन लागण झालेल्या पेशी शोधते. पण अख्खं गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं की शेजाऱ्यालाही दोन फटके बसतात. ताप, अंगदुखी, थायरॉइडचं बिघडणं, मनाचं बिघडणं, सगळं त्यातलंच. म्हणून लिव्हर आधीच खचलेलं असेल, स्वतःच्या शरीरावर उलटणारे आजार असतील, मोठं नैराश्य असेल, गर्भारपण असेल, तर ही सुई द्यायची नसते.

आकडे : ई अँटिजेन पॉझिटिव्ह रुग्णांत वर्षभराच्या सुयांनी शंभरात साधारण तिसांचा ई जातो आणि अँटिबॉडी येते. ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे सरफेस, तेवढ्यात जाणारे शंभरात तीन ते सात. "मोकळी" म्हणजे यातलं नेमकं काय, ते डॉक्टरांना विचारून घ्या. जीनोटाइप ए ला प्रतिसाद चांगला, डी ला कमी. आपल्या देशात दोन्ही सापडतात, डी जास्त.

आणि एक गैरसमज. टेनोफोव्हिर गर्भारपणात चालतं. उलट आईचा डीएनए दोन लाखांच्या वर असेल तर बाळाला लागण होऊ नये म्हणून शेवटच्या तिमाहीत मुद्दाम देतात. गर्भारपणात जी चालत नाही ती सुई.


गुळांबा | ७ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

आमच्या आजोळी, नगर जिल्ह्यात, एक म्हातारे बाबा काविळीचं औषध देतात. नाकात थेंब टाकतात, पिवळं पाणी गळतं. माळही देतात, ती डोक्यावरून आपोआप खाली उतरते. सिव्हिलने हात टेकलेली माणसं बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिलीत. एकदा जाऊन यायला काय हरकत आहे?


फोडणीचा_भात | ७ ऑक्टोबर, दुपारी ४.४४

आमच्याकडे हातावर चुना लावून पिवळं पाणी काढतात. एकदा मी कावीळ नसताना हात पुढे केला. तरी निघालं. पन्नास रुपयेही निघाले.


स्टेथो | ७ ऑक्टोबर, रात्री ९.१५

गुळांबा, रागावू नका. ते थेंब बहुधा देवडांगरीचे. ते नाकाच्या आतल्या त्वचेला झोंबतात म्हणून पाणी गळतं आणि ते पिवळं दिसतं, त्याचा लिव्हरशी संबंध नाही. माळेचा दोरा सैल होत जातो म्हणून ती उतरते.

पण माणसं बरी होतात हे तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. दूषित पाण्याने होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. मोठ्या वयात नवी बी झाली तरी शंभरातले पंचाण्णव जण स्वतःहून बरे होतात. बाबांकडे गेलेला बहुतेक प्रत्येक माणूस बरा होणारच होता. जे नाहीत झाले ते परत बाबांकडे सांगायला गेले नाहीत.

रानजाईंची गोष्ट वेगळी. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत शंभरातल्या नव्वदांना ती कायमची राहते. यांना कावीळच नाही, बाबा उतरवणार काय?


गुळांबा | ७ ऑक्टोबर, रात्री ९.५०

दोऱ्याचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं.


नाना_बेळगावकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

आमच्या थोरल्या बंधूंना २००९ साली इंटरफेरॉन दिलं होतं, सोबत रिबाव्हायरिनच्या गोळ्या. रक्त इतकं कमी झालं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. मधेच बंद केलं. म्हणून हे नाव ऐकलं की आमच्या घरात अजून कुणी जेवत नाही.

बाकी या इंटरफेरॉनची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन या दोघांना ते सापडलं. एक व्हायरस पेशीत शिरला की दुसऱ्याच्या कामात अडथळा येतो, तो अडथळा आणणारा पदार्थ म्हणून हे नाव. पुढे वीसेक वर्षं ते मिळवायचं कसं हाच प्रश्न होता. फिनलंडमध्ये कांटेल नावाचे गृहस्थ रक्तदात्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा करून त्यातून चमचा-चमचा काढायचे. १९८० मध्ये त्याचं जनुक जिवाणूत घालता आलं तेव्हा कुठे ते बाटलीत भरण्याइतकं झालं. "पेग" म्हणजे त्याला जोडलेली पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी. तिच्यामुळे ते रक्तात रेंगाळतं आणि आठवड्यातून तीन सुयांऐवजी एक पुरते.

आणि रानजाई, तुमच्या ऑस्ट्रेलियाचा खुलासा. बरूच ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला हा अँटिजेन एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात प्रथम दिसला, म्हणून ते नाव. त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. २८ जुलै हा हिपॅटायटिस दिन त्यांचाच वाढदिवस. आपल्या लॅबवाल्यांनी ते नाव अजून जिवंत ठेवलंय.


स्टेथो | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

नाना, माहिती झकास. पण रिबाव्हायरिन सोबत होतं म्हणजे तुमच्या बंधूंना हिपॅटायटिस सी असणार, बी नव्हे. रक्त उतरण्यात रिबाव्हायरिनचा मोठा हात असतो. सी साठी आता बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि तो मुळापासून जातो. त्यांचं अर्धवट राहिलं असेल तर तपासून घ्या, वेळ गेलेली नाही.


नाना_बेळगावकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

बंधू २०१३ ला गेले. असो.


तिरफळ | ८ ऑक्टोबर, रात्री ११.३०

रत्नागिरीचा आहे. माझी गोष्ट उपयोगी पडेल की नाही माहीत नाही, पण "एक वर्ष आणि मोकळी" वाचलं म्हणून लिहितोय.

२०१४ मध्ये दुबईला जायचं ठरलं. चुलतभाऊ तिकडे, व्हिसा तयार, मुंबईला मेडिकल. तिथे कागदावर शिक्का पडला, अनफिट. ऑस्ट्रेलिया अँटिजेन. आमच्या वाडीतले निम्मे लोक आखातात, त्यामुळे अनफिट म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. फक्त कशामुळे ते कळत नाही, मग जो तो आपापल्या मनाने आजार लावतो.

कुणीतरी सांगितलं, इंटरफेरॉनने निगेटिव्ह होतं. बाबांनी कलमांची बाग गहाण ठेवली. ४८ सुया घेतल्या. ई गेला! डॉक्टरांनी पाठ थोपटली, म्हणाले उत्तम निकाल. मी परत मुंबईला गेलो, मेडिकल दिलं. परत अनफिट. कारण ते बघतात सरफेस, आणि तो तसाच होता. डॉक्टरांच्या दृष्टीने मी पास, शेखच्या दृष्टीने नापास.

डॉक्टरांची चूक नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सरफेस जाण्याची शक्यता फार कमी. मला ते ऐकायचंच नव्हतं. माझं लिव्हर आज चांगलं आहे, त्याअर्थी पैसे वाया नाही गेले. बाग सोडवायला सहा वर्षं लागली. कागद निगेटिव्ह हवा म्हणून सुई घेत असाल तर घेऊ नका एवढंच.


कडीपत्ता | ९ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

तिरफळ, काय बोलावं कळत नाहीये. बागेत आता काय आहे? हापूसच ना?


तिरफळ | ९ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

हापूस, थोडा पायरी. एप्रिलमध्ये विचारा.


उंबरठा | ९ ऑक्टोबर, रात्री १०.२०

माझ्या बायकोने घेतलं होतं. २२ व्या सुईला थांबवलं.

ताप-बिप तिने हसत काढला. चौथ्या महिन्यानंतर ती गप्प झाली. भांडायची नाही, रडायचीही नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर कुकर करपून काळा झालेला आणि ती ओट्यापाशी नुसती उभी. विचारलं तर म्हणाली, शिट्ट्या मोजत होते. मला वाटत होतं आजारपणाचा कंटाळा आलाय. हे औषधानेही होतं हे आम्हाला सांगितलेलं होतं, कागदावर छापलेलंही होतं, पण घरात ते घडत असताना ओळखू आलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, औषध थांबवलं. तीन-चार महिन्यांनी माझी बायको मला परत मिळाली. आता एन्टेकॅव्हिरवर आहे, रात्री उपाशीपोटी घेते, जेवणानंतर दोन तासांनी. छान आहे.

सुई घेणार असाल तर घरातल्या एका तरी माणसाला सगळं माहीत हवं. नवऱ्याव्यतिरिक्तही कुणी. तो दिवसभर बाहेर असतो.


मोरावळा | १० ऑक्टोबर, सकाळी ११.००

रानजाई बाळ, मी ६६ वर्षांची, तीस वर्षं नर्स होते. सगळे सुई-गोळीवर बोलतायत. मी वेगळंच विचारते. लहानपणापासूनची लागण म्हणालीस ना? मग आईची तपासणी झाली का? भावंडं आहेत का?

लिव्हर शेवटपर्यंत तक्रार करत नाही. पोटात पाणी झालेले, रक्ताच्या उलट्या होणारे चाळिशीचे पेशंट मी पाहिलेत, आणि त्यांच्या हातातला पहिला रिपोर्ट तेव्हाचाच असायचा. तुला मंडळाच्या शिबिराने वेळेत सांगितलं. घरच्यांना सांगणारं कोण आहे?

सासरचं नंतर बघ. माहेरी आधी सांग.


रानजाई | १० ऑक्टोबर, रात्री ११.४५

मोरावळा काकू, दुपारपासून तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. एक मोठा भाऊ आहे, ३५ वर्षांचा. आई ६१. बाबा नाहीत. भाऊ शनिवार-रविवार "बसतो". मी हा विचार केलाच नव्हता असं म्हणणं खोटं होईल. केला होता आणि बाजूला ठेवला होता.

आईला काय सांगू? तुझ्यामुळे झालं असं?


मोरावळा | ११ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

तसं नाही सांगायचं. तिला सांग, तू जन्मलीस तेव्हा देशात तयार झालेली लसच नव्हती. हैदराबादच्या शांता बायोटेकने पहिली आणली ती १९९७ मध्ये. त्याआधी बाहेरून यायची, ती आमच्यासारख्यांना परवडायची नाही. आम्ही नर्सबायासुद्धा कितीतरी वर्षं बिनलशीच्या सुया टोचत होतो. काचेच्या सिरिंज उकळून परत वापरायच्या दिवसांतली गोष्ट आहे. आईला स्वतःला कुठून लागण झाली ते तरी कुठे माहीत असणार तिला.

सरकारी लसीकरणात ही लस देशभर यायला २०११ उजाडलं. आता बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस देतात. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार अँटिबॉडींची, सुईही. एवढं वेळेवर केलं की बहुतेक बाळं वाचतात. तुझं बाळही वाचेल. आणि अंगावर पाजता येतं, कुणी काही सांगितलं तरी.


फोडणीचा_भात | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

एक शंका. ताट-वाटी वेगळी ठेवावी लागते का? माझ्या मेव्हण्याला आहे, तो आला की बहीण त्याचा तांब्या वेगळा काढते.


घाटमाथा | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

नाही! एका ताटात जेवा, एका तांब्याने पाणी प्या. रक्ताशी संबंध येईल ते वेगळं ठेवायचं. रेझर, नेलकटर, टूथब्रश. बहिणीला सांगा, तांब्या एकत्र आणि रेझर वेगळा. आणि तिने स्वतः तपासणी करून लस घ्यावी.

मला एका दातांच्या डॉक्टरांनी "शेवटचा नंबर" म्हणून दोन तास बाहेर बसवलं होतं. खरं तर प्रत्येक पेशंटनंतर हत्यारं सारखीच निर्जंतुक करायची असतात. मी सांगितलं म्हणून त्यांना कळलं, न सांगणारे कितीतरी बसून जात असतील. तेव्हापासून प्रश्न पडतो की खरं सांगून आपण मिळवलं काय. तरी सांगतो.


शेवगा | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.००

अमिताभला आहेच की. १९८२ च्या शूटिंगमधल्या अपघातानंतर जे रक्त चढवलं त्यातून आला, आणि कळलं कितीतरी वर्षांनी. पाऊण लिव्हर गेलेलं आहे असं तो स्वतः सांगतो. त्याचा तांब्या कुणी वेगळा काढतं का विचारा.


कडीपत्ता | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.०४

त्याच्या घरी तांब्या असेल असं वाटत नाही.


रानजाई | २७ ऑक्टोबर, रात्री ९.२०

दसऱ्याला माहेरी गेले होते. सोनं वाटून झाल्यावर सांगितलं. आई काही बोलली नाही, उठून देवापुढचा दिवा सारखा करत बसली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी फार रक्त गेलं होतं." एवढंच. दादा म्हणाला मला काही होत नाही, पण वहिनीने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सिव्हिलला नेलं. तिथे राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे हे मला माहीतच नव्हतं.

आई पॉझिटिव्ह. तिचा ई निगेटिव्ह, डीएनए अगदी कमी, एसजीपीटी नॉर्मल. औषध नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी.

दादाही पॉझिटिव्ह. फायब्रोस्कॅन १४.८, म्हणजे लिव्हरवर बरेच व्रण. त्याला सुई द्यायचा प्रश्नच नाही, टेनोफोव्हिर लगेच सुरू. दारू बंद, म्हणजे बंद. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सरवर लक्ष ठेवायला. वहिनी आणि पुतण्या निगेटिव्ह. पुतण्याला जन्मल्यावर लस मिळाली होती.

माझा जीनोटाइप आला. डी.


स्टेथो | २७ ऑक्टोबर, रात्री १०.३०

तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. दादांना गोळीने वेळ मिळेल, आणि लिव्हरवरचे व्रण काही प्रमाणात मागेही हटतात.

डी म्हणजे सुईचं दार बंद असं नाही. एसजीपीटी वाढलेला आहे, वय कमी आहे. सुरू करून १२ आठवड्यांनी सरफेस अँटिजेनची पातळी मोजतात. ती अजिबात उतरली नसेल तर थांबायचं. म्हणजे फसलं तरी तीन महिनेच जातील. फक्त अपेक्षा शंभरात तिसांपेक्षा कमी धरा.


घाटमाथा | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

मी डी असतो तर घेतली नसती. आधी "हो" म्हणालो होतो, तो ए चा हो होता.


रानजाई | १ डिसेंबर, रात्री १०.०५

धागा अर्धवट सोडल्याबद्दल सॉरी. ठरलं. गोळी घेतेय, तीन आठवडे झाले.

डी हे एक कारण झालं. स्टेथोंनी सांगितलेले तीन महिने मी काढलेही असते. पण दादाला रोज गोळीची आठवण करावी लागते, दर शनिवारी तो कुठे आहे हे बघावं लागतं, आणि आई मधेच फोन करून "तुला बरं वाटतंय ना" विचारते. शुक्रवारी रात्री तापाने फणफणून कुणाला काय सांभाळणार? तीन गोधड्या घेऊन पडायला घरात दुसरं कुणीतरी उभं असावं लागतं, ते सध्या मीच आहे.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आम्हाला लस घ्यावी लागेल का?" दुसरा, "लोणचं चालतं का?" मी महिनाभर यासाठी झोपले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, गोळी घेतानाच बाळाचा विचार करता येईल, फक्त आधी सांगा. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि डीएनए.

रात्री साडेनऊला जेवणानंतर मी गोळी घेते आणि दादाला मिस्ड कॉल देते. त्याने घेतली की तो परत मिस्ड कॉल देतो. काल त्याचा आला नाही म्हणून दहाला फोन केला, तर म्हणाला, घेतली गं, बॅलन्स नव्हता.


कडीपत्ता | १ डिसेंबर, रात्री १०.२०

मिस्ड कॉलला बॅलन्स लागत नाही गं!


रानजाई | १ डिसेंबर, रात्री १०.२३

थांब, वहिनीला फोन करते.